चित्रामागची गोष्ट कोणाची? राजा रविवर्म्यांच्या निमित्ताने



थोर चित्रकारांविषयी आपल्याला पुष्कळ गोष्टी ठाऊक असतात, त्यांच्या चित्रांविषयी मात्र फार थोड्या. व्हॅन गॉगने स्वतःचा कान कापला, हे त्याचे एकही मूळ चित्र न पाहिलेला माणूससुद्धा सांगतो. राजा रविवर्म्यांच्या बाबतीत मराठी माणसाला पाठ असलेली गोष्ट सुगंधेची आहे: एक देखणी मॉडेल, तिच्यावर जीव जडलेला चित्रकार, आणि त्या जीव जडण्यातून जन्मलेल्या लक्ष्मी, सरस्वती, दमयंती. रणजित देसाईंची कादंबरी आणि तिच्यावर बेतलेला ‘रंगरसिया’ हा चित्रपट यांनी ही गोष्ट घरोघर पोचवली. आज मला एकच मुद्दा मांडायचा आहे. रविवर्म्यांच्या चित्रांमागची खरी गोष्ट कामाची आहे. हे काम अनेक माणसांचे होते, अनेक गावांत चाललेले होते, आणि ते उलगडून पाहिले की चित्रकार लहान होत नाही, त्याचे मोठेपण नेमके कशात होते ते प्रथमच कळते. प्रेमकथेत ते कळत नाही, कारण प्रेमकथा कुठल्याही चित्रकाराला लावता येते. कामाची गोष्ट मात्र ज्याची त्याचीच असते.

सुरुवात शिक्षणापासून करू. रविवर्म्यांचा जन्म 29 एप्रिल 1848 चा, त्रावणकोर संस्थानातल्या किळिमानूरचा. मामा राजराज वर्मा स्वतः चित्रे काढीत, आणि भाच्याचा हात त्यांनीच ओळखला. 1862 मध्ये, चौदाव्या वर्षी, मामांनी त्यांना तिरुवनंतपुरमला आयिल्यम तिरुनाळ महाराजांच्या दरबारात नेले. इथून पुढची हकीगत दैवी देणगीच्या कहाणीत नीट बसत नाही. तैलरंग त्या काळी आपल्याकडे नवे होते, आणि ज्याला ते वापरता येत तो आपली विद्या सहजासहजी दुसऱ्याच्या हाती देत नसे. दरबारी चित्रकार रामस्वामी नायकर यांनी या मुलाला शिकवायला नकार दिला. पुढे 1868 मध्ये थिओडोर जेन्सन हा युरोपीय चित्रकार महाराजांची व्यक्तिचित्रे काढायला आला. त्यानेही शिकवले नाही, फक्त काम चालू असताना पाहत बसू दिले. म्हणजे जवळून पाहणे, घरी येऊन करून बघणे, बिघडवणे आणि पुन्हा करणे, एवढीच रविवर्म्यांची शाळा. या पाहण्यातून त्यांच्या हाती आले ते तैलरंगाचे मर्म. जलरंगात किंवा भिंतीवरच्या रंगात कातडीचा ओलसर उजाळा, जरीची चमक, रेशमाचा जडपणा आणि दागिन्यांच्या सोन्याचा थंडपणा एकाच चित्रात वेगवेगळा दाखवणे कठीण. तैलरंग सावकाश वाळतो, म्हणून छटा एकमेकींत मुरवता येतात, आणि थरावर थर चढवता येतो. 1873 मध्ये केसांत गजरा माळणाऱ्या नायर स्त्रीच्या चित्राला मद्रासच्या प्रदर्शनात सुवर्णपदक मिळाले आणि त्याच वर्षी व्हिएन्नातही गौरव झाला. तो गौरव या हस्तगत केलेल्या विद्येचा होता.

दुसरी गोष्ट भावाची. सी. राजराज वर्मा हे रविवर्म्यांचे बारा वर्षांनी धाकटे भाऊ, स्वतः उत्तम निसर्गचित्रकार. रविवर्म्यांचे नाव घेताना त्यांचे नाव क्वचितच निघते, आणि हा अन्याय आहे. दोघे भाऊ वर्षानुवर्षे एकत्र फिरले, एकत्र राहिले, एकाच कॅनव्हासपुढे उभे राहिले. अनेक चित्रांतल्या मागच्या बाजूची झाडी, पाणी, आकाश यांत धाकट्या भावाचा हात होता. पत्रव्यवहार, हिशेब, गिऱ्हाइकांशी बोलणी आणि पुढे छापखान्याचे व्यापही त्यांच्याच अंगावर असत. 1890 च्या दशकाच्या मध्यापासून त्यांनी इंग्रजीत ठेवलेली रोजनिशी आज छापील स्वरूपात उपलब्ध आहे. ती वाचली की दंतकथेतला एकांडा, तंद्रीत वावरणारा कलावंत मावळतो आणि त्याच्या जागी एक चालता स्टुडिओ उभा राहतो: आगगाडीचे प्रवास, संस्थानिकांच्या व्यक्तिचित्रांच्या मागण्या, मॉडेल, नाटकांच्या संध्याकाळी, पैशांची ओढाताण. घरातला तिसरा कलावंत म्हणजे बहीण मंगलाबाई. त्यांनी काढलेले रविवर्म्यांचे व्यक्तिचित्र आजही पाहायला मिळते. कुटुंबाच्या या कलाकारखान्यातला धाकटा भाऊ 1905 च्या सुरुवातीला गेला. रविवर्मा 2 ऑक्टोबर 1906 ला वारले.

आता चित्रांकडे येऊ. 1888 मध्ये बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी लक्ष्मीविलास राजवाड्यासाठी चौदा पौराणिक चित्रांचे काम रविवर्म्यांना दिले. शंतनू-मत्स्यगंधा, हरिश्चंद्र-तारामती, विश्वामित्र-मेनका, कंसमाया ही त्यांतली काही. काम हाती घेताच एक मोठा प्रश्न उभा राहिला, आणि तो प्रतिभेने सुटण्यासारखा नव्हता. पुराणातल्या स्त्रीने नेसायचे काय? केरळातल्या स्त्रीचे वस्त्र पंजाबी माणसाला परके वाटणार आणि उत्तरेतला घागरा तामिळ माणसाला. रविवर्मा भावाला घेऊन उत्तर हिंदुस्थानात हिंडले. जुनी शिल्पे, देवळे, लोकांचे पोशाख पाहिले, आणि सर्व प्रांतांना एकदम चालेल असा पोशाख कुठेही तयार सापडत नाही या निष्कर्षाला आले. मग त्यांनी साडी निवडली. त्यांच्या नायिकांच्या साडीला पुष्कळदा आपल्याकडचे, मराठी वळण असते: काठ ठसठशीत, पदर छातीवरून गेलेला, निऱ्यांचा भार स्पष्ट. आज पुराणातली सीता किंवा द्रौपदी डोळ्यांपुढे आणली की ती आपोआप साडीत येते. हे आपोआप येणे कोणीतरी विचारपूर्वक घडवलेले आहे. मैसूरच्या राजवाड्यासाठी केलेल्या वादक-गायक स्त्रियांच्या मोठ्या चित्रात याची उलटी बाजू दिसते. तिथे अकरा स्त्रिया अकरा तऱ्हांनी नेसल्या-नटल्या आहेत, आणि एकाच बैठकीत सगळा देश बसवलेला आहे. ज्याला फरक इतके बारकाईने रंगवता येत होते, त्याने पुराणचित्रांत ते फरक जाणूनबुजून बाजूला ठेवले.

पोशाखानंतर प्रश्न येतो प्रसंगाचा. पायात काटा रुतल्याचे निमित्त करून थबकलेल्या शकुंतलेचे चित्र आपण सर्वांनी पाहिले आहे. ते जरा थांबून पाहू. शकुंतलेचा एक हात सखीच्या खांद्यावर आहे, एक पाऊल उचललेले आहे, आणि मान मागे वळली आहे. काट्याकडे तिचे लक्षच नाही. सख्यांना हे कळले आहे की नाही, ते चित्रकाराने आपल्यावर सोडले आहे. आणि ज्याच्यासाठी हे सगळे चालले आहे तो दुष्यंत चित्रात नाहीच. तो कॅनव्हासच्या बाहेर आहे. तो तिथे आहे हे पाहणाऱ्याला कसे कळते? त्याला ही कथा आधीच ठाऊक आहे म्हणून. कालिदासाचे संस्कृत फार थोड्यांनी वाचले असेल, पण 1880 मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आणले होते, आणि महाराष्ट्रातल्या गावोगावच्या प्रेक्षकांच्या डोळ्यांपुढे शकुंतला उभी होती. रविवर्म्यांनी या प्रेक्षकाच्या आठवणीवर चित्र उभे केले. प्रसंगाचा नेमका तो क्षण धरायचा, ज्याच्या आधीचे आणि नंतरचे पाहणारा स्वतः भरून काढील, ही त्यांची खरी करामत. म्हणजे चित्रामागच्या गोष्टीचा एक धागा चित्रकाराच्या हाती असतो आणि दुसरा पाहणाऱ्याच्या.

बडोद्याची चित्रे राजवाड्यात जाण्यापूर्वी मुंबईत लोकांना पाहायला मांडली गेली, तेव्हा ती बघायला मोठी गर्दी लोटली. राजवाड्याच्या भिंतीवर एकदा गेलेले चित्र सामान्य माणसाला पुन्हा दिसणार नव्हते. त्रावणकोर आणि बडोदा या दोन्ही संस्थानांचे दिवाण राहिलेले सर टी. माधवराव यांनी रविवर्म्यांना पूर्वीच सुचवले होते, की चित्रांना इतकी मागणी असताना एका हाताने ती पुरी होणार नाही, तेव्हा निवडक चित्रे युरोपात पाठवून त्यांच्या रंगीत प्रती काढाव्यात. वर्मा बंधूंनी पुढचे पाऊल टाकले आणि छापखानाच मुंबईत घातला. 1894 मध्ये काम सुरू झाले. यंत्रे जर्मनीची, तंत्रज्ञ जर्मन, आणि पहिल्यांदा छापले गेलेले चित्र शकुंतला-जन्माचे: मेनका तान्ही मुलगी पुढे धरते आहे आणि विश्वामित्र हात आडवा करून तोंड फिरवतो आहे.

हे छापणे म्हणजे काय होते ते समजून घेतले पाहिजे, कारण आपल्या घरात जी तसबीर आली ती इथून आली. पद्धत शिळाप्रेसची. चुनखडीच्या सपाट घासलेल्या दगडावर तेलकट खडूने किंवा शाईने आकृती काढायची. दगड ओला केला की कोरी जागा पाणी धरते आणि तेलकट जागा पाणी झिडकारते. मग तेलकट शाईचा रूळ फिरवला की शाई फक्त आकृतीवर बसते. काळ्या रंगाची पोथी एका दगडावर निघते. रंगीत चित्राला मात्र प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड लागतो. कारागिराने मूळ तैलचित्र डोळ्यांनी फोडायचे: या गालात तांबडा किती, पिवळा किती, सावलीत निळा कुठे. मग एकेका रंगाचा भाग ठिपक्याठिपक्यांनी त्या त्या दगडावर उतरवायचा, आणि तोही उलटा, आरशातल्यासारखा. तोच कागद एकामागून एक सगळ्या दगडांवरून जायचा, आणि दर वेळी कडेच्या खुणा जुळल्या पाहिजेत. कागद दमट हवेने केसभर ताणला तरी देवीचे ओठ हनुवटीवर घसरतात. शेवटी वॉर्निश चढवून तैलचित्राची झळाळी आणायची. दगडावर ठिपके देणाऱ्या या माणसांनी रविवर्म्यांचे चित्र अक्षरशः दुसऱ्यांदा काढले. लक्ष्मीच्या चेहऱ्यावरची जी शांती आपण रविवर्म्यांची म्हणून ओळखतो, ती पुष्कळ घरांत पोचली ती त्यांच्या बोटांतून. त्यांची नावे तसबिरीवर नाहीत.

धंदा म्हणून छापखाना वर्मा बंधूंना पेलला नाही. 1896 मध्ये मुंबईत प्लेग आला, कामगार पांगले, कर्ज वाढले. छापखाना शहराबाहेर, लोणावळ्याजवळ मळवलीला हलला, आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या काही वर्षांतच तो फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाने, पुष्कळशा चित्रांच्या छपाईच्या हक्कांसह, विकत घेतला. रविवर्म्यांच्या नावाने ज्या तसबिरी आज ओळखल्या जातात त्यांतल्या कितीतरी त्यांच्या मालकीनंतरच्या, आणि काही तर त्यांच्या मृत्यूनंतरच्या आहेत. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधले आपले एम. व्ही. धुरंधर यांनीही या छापखान्यासाठी चित्रे काढली. लोणावळ्याच्या या कामातच दादासाहेब फाळके शिळाछपाईत तरबेज झाले. त्यांनी 1913 मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आणला, तेव्हा पौराणिक प्रसंग कसा मांडावा, पात्रांनी कसे उभे राहावे, याची एक तयार भाषा त्यांच्यापुढे होती, आणि तिच्या घडणीत मळवलीच्या दगडांचा वाटा होता. छापखाना पुढे कॅलेंडरे, लेबले आणि जाहिरातीही छापू लागला. 1972 च्या आगीत तो जळाला.

इथे पहिला आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे. दरबार, भाऊ, संस्थानिक, यंत्रे, जर्मन कारागीर हे सगळे मोजल्यावर रविवर्मा उरले कुठे? ज्यांना हीच साधने मिळाली ते सगळे रविवर्मा का झाले नाहीत? प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर कामाच्या गोष्टीतच सापडते. रामस्वामी नायकरांना दरबारही होता आणि तैलरंगही येत होते. जेन्सनचे तंत्र तर रविवर्म्यांच्या सुरुवातीच्या तंत्राहून पक्के होते. फरक पडला तो निर्णयांत: युरोपीय माध्यम हातात घेऊन त्यातून पुराणे रंगवायची हा निर्णय, साडीचा निर्णय, काटा काढण्याच्या निमित्ताचा क्षण पकडण्याचा निर्णय, आणि राजवाड्यात सन्मानाने बसलेले चित्र थोड्या पैशांत सर्वांना मिळावे हा निर्णय. शेवटचा निर्णय तर त्यांच्या प्रतिष्ठेला आणि खिशाला, दोन्हींना महाग पडला. प्रतिभा हा शब्द वापरायचाच असेल तर तो अशा निर्णयांसाठी वापरावा. परिस्थिती दाखवली म्हणजे माणूस पुसला जातो, ही भीती खोटी आहे. परिस्थिती झाकली की मात्र त्याचे निर्णय दिसेनासे होतात आणि केवळ चमत्कार उरतो. चमत्कारापासून कोणी काही शिकू शकत नाही.

दुसरा आक्षेप कलासमीक्षेचा, आणि तो शंभर वर्षांहून जुना आहे. भगिनी निवेदिता आणि आनंद कुमारस्वामी यांनी रविवर्म्यांवर कठोर टीका केली. त्यांचे म्हणणे असे, की या चित्रांत भारतीय कलेची अंतर्दृष्टी नाही, परक्या वास्तववादाची नक्कल आहे, देवदेवता नाटकातल्या नटांसारख्या उभ्या आहेत. तसबिरींनी लोकांची रुची बिघडवली, हेही त्यात आलेच. या टीकेतला एक भाग मला मान्य आहे. रविवर्म्यांच्या देवी गोऱ्या, भरल्या अंगाच्या, खानदानी घरातल्या आहेत. त्या घराघरात गेल्या आणि सौंदर्याचा तोच एक साचा या देशात पक्का झाला. शेतात राबणाऱ्या सावळ्या बाईला देवीच्या चेहऱ्यात आपला चेहरा सापडला नाही, हा तोटा खरा आहे आणि तो आजही भरून निघालेला नाही. पण नाटकीपणाचा आरोप मला दोष म्हणून मान्य नाही. ज्या समाजाला पुराणे कीर्तनातून, दशावतारातून, संगीत नाटकातून कळत होती, त्याच्याशी बोलायचे तर त्याच भाषेत बोलायला हवे होते. आणि रुची बिघडली म्हणताना कोणाची, हेही विचारले पाहिजे. देवळाच्या पायरीशीच ज्यांना अडवले जाई, त्यांना गाभाऱ्यातल्या मूर्तीचे मुखदर्शन दुर्लभ होते. थोड्या पैशांत मिळणाऱ्या या कागदाने देवाला त्यांच्या भिंतीवर आणले, आणि तिथे पूजा करायला कोणाची परवानगी लागत नव्हती. बायकांनी या तसबिरींना जरी, टिकल्या, कापड चिकटवून देवीला स्वतःच्या हाताने साडी नेसवली. अशा सजवलेल्या तसबिरी संग्रहांत आजही आहेत. ही बिघडलेली रुची म्हणता येणार नाही. मिळालेल्या चित्रात आपल्या हाताची भर घालणारा तो रसिकपणा होता.

तिसरा आक्षेप रसिकांचा आहे आणि तो प्रेमाचा आहे. गोष्टच लोकांना चित्रापर्यंत आणते, मग ती कल्पित असली म्हणून काय बिघडले? कादंबरीकाराला कल्पनेचा पूर्ण हक्क आहे, आणि देसाईंनी तो कादंबरी म्हणूनच वापरला. दोष आपला आहे, कारण आपण कादंबरीला चरित्र मानून बसलो. त्यात सर्वांत जास्त नुकसान झाले ते जिच्या नावाने गोष्ट सांगितली जाते त्या स्त्रीचे. मुंबईत रविवर्म्यांसाठी बसणाऱ्या स्त्रियांत कलावंत घराण्यातल्या स्त्रिया होत्या असे सांगितले जाते. भेंडीबाजार घराण्याच्या गायिका अंजनीबाई मालपेकर यांचेही नाव त्यांत घेतले जाते. अंजनीबाई मूळच्या गोव्याच्या. गायिका आणि गुरू म्हणून त्यांचे कर्तृत्व एवढे, की 1958 मध्ये संगीत नाटक अकादमीची फेलोशिप मिळवणारी पहिली स्त्री त्या ठरल्या. मॉडेल म्हणून बसणे हे काम आहे. तासन्‌तास मान एका कोनात धरायची, हात अधांतरी ठेवायचा, पाठ न वाकवता उभे राहायचे, आणि हे सगळे अशा समाजात, जिथे चित्रकारापुढे बसणाऱ्या स्त्रीकडे बोट दाखवले जाई. प्रेमकथा या कष्टाला भावना म्हणते आणि मोकळी होते. ती स्त्रीला प्रेरणेचे मोठे आसन देते, आणि तिने केलेले काम हिशेबातून काढून टाकते. कामाची गोष्ट तिला तिचे श्रम परत करते. म्हणून कल्पित गोष्टीने काय बिघडते, याचे माझे उत्तर हे आहे: ज्यांनी घाम गाळला त्यांची नावे बिघडतात.

रविवर्म्यांचा मुद्दा एकट्या रविवर्म्यांपुरता नाही, पण त्यांच्या बाबतीत तो आपल्या दाराशी आहे. छापखाना मुंबईत आणि मळवलीला होता. साडीचे वळण आपले, नाटक आपले, फाळके आणि धुरंधर आपले. ही चित्रे किती अंशी आपल्या मातीत घडली ते शोधण्याची जबाबदारीही आपली आहे. संग्रहालयांनी चित्राखालच्या पाटीवर जिथे पुरावा आहे तिथे सी. राजराज वर्मांचे नाव रविवर्म्यांच्या बरोबरीने लिहावे. शिळाप्रेसवर काम केलेल्या कारागिरांच्या घराण्यांत काही कागद, काही नावे उरली असतील, तर विद्यापीठांच्या कला आणि इतिहास विभागांनी ती आता गोळा करावीत, कारण पुढच्या पिढीत ती राहणार नाहीत. आणि आपल्यापैकी ज्यांच्या देवघरात, माळ्यावर किंवा गावच्या वाड्यात जुनी तसबीर असेल, त्यांना माझी विनंती आहे. ती चौकट फेकू नका. खालच्या समासातली बारीक अक्षरे वाचा. छापखान्याचे नाव, कार्ला-लोणावळा हा पत्ता, चित्राचे शीर्षक, जे असेल ते उतरवून घ्या, कागदाचा फोटो काढा, आणि जवळच्या संग्रहालयाला कळवा.